मागची लोखंडी खुर्ची

१

माझं नाव आसावरी. आधीच सांगून ठेवते, कारण दुकानाच्या पाटीवर ते नाही. पाटीवर आहे 'रमाकांत व्हिडिओ'. रमाकांत हा माझा नवरा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, आणि कॅसेट मशीनमध्ये कुठल्या बाजूनं घालायची हे त्याला अजून विचारावं लागतं. बारामतीच्या या गाळ्यात जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून देण्याचं काम मी करते. मशिनी मी आणते, मी उघडते, मी साफ करते. आणि गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून मला विचारतं, "साहेब कुठंयत?"

साहेब घरी शब्दकोडं सोडवतायत.

लोकांना वाटतं, कॅसेट उतरवायची म्हणजे काय, इकडून घातली, तिकडून काढली. अहो, ती कॅसेट तुम्ही माळ्यावर ठेवलेली असते, खताच्या पिशव्यांशेजारी. कारखाना सुरू असला की चिपाडाची काजळी घरात येते, ती तिच्या पोटात गेलेली असते. वर बुरशी. ती आधी मी उघडायची, पुसायची, मागेपुढे फिरवून सैल करायची. मग डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं मशीन, कुठला ते ठरवायचं. माझ्याकडं दोन आहेत. एक राकट, काहीही घातलं तरी वाजवतो, पण चित्र थरथरतं. दुसरा चांगला, चित्र धरून ठेवतो, पण त्याचे लाड फार. मग डीव्हीडी लिहिणाऱ्या रेकॉर्डरचा मोड. एका डिस्कवर एकच तास घेतला तर माणसाच्या मिशीचा केसन् केस दिसतो. त्याच डिस्कवर चार तास कोंबले की माणूस आणि खांब यांत फरक राहत नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, आणि प्रत्येक जण म्हणतो, "एकाच डिस्कवर बसवा की."

राजलक्ष्मी आली ती दिवाळीनंतर. सांगवीत दिलेली, माहेर इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. पदराखाली कॅसेट अशी धरलेली, की मला आधी वाटलं बाईंनी लेकरू आणलंय.

"माझ्या लग्नाची हाय," ती म्हणाली. "आमचं आप्पा हायीत ह्यात. माझं वडील. लग्नानंतर वरीस व्हायच्या आत गेलं ते. घरात एक फोटू हाय, मतदान कार्डाचा. त्यात चोरासारखं दिसत्यात बघा. हालताना बोलताना माझा बाप फकस्त ह्यातच हाय."

तिच्या मुलीचं, राजेश्वरीचं, लग्न ठरलं होतं, इंदापुरात. कार्यालयात मोठा पडदा लावून त्यावर आप्पांना दाखवायचं, नातीनं आजोबाला एकदा तरी बघावं, एवढीच तिची इच्छा होती. सांगताना तिला रडू आलं आणि मला ते आवडलं नाही, कारण मग मलाही येतं.

"तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हटलं. "आप्पा तुमचे मी काढून देते."

असं बोलू नये माणसानं.

२

दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचा फोन. सर्जेराव. पहिलंच वाक्य, "साहेबांस्नी द्या जरा."

"मशीन मी चालवते. बोला."

"वैनी, तसं न्हाय. साहेबांस्नी सांगा, समदं एकाच डीव्हीडीवर पायजे. हळद, लग्न, वरात, समदं."

मी समजावलं. चित्र पुसट येईल म्हणून सांगितलं. ऐकणार कोण? शेवटी तिडीक गेली डोक्यात. म्हटलं, घे बाबा, तुझ्या घरचं लग्न, तुझी डिस्क. राकट डेक लावला, चार तासांचा मोड लावला, कॅसेट घातली आणि डबा उघडून पोळीभाजी खात बघत बसले.

त्या काळची लग्नाची कॅसेट म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. बदामाच्या आकारात नवरानवरी गरगर फिरतात. वर सनई आणि गाणी ठोकलेली. मांडव, फेटे, पत्रावळी, परत फेटे. आप्पा दिसले. स्टेजच्या कडेला उभे, लालबुंद फेटा, हात जोडलेले, आल्यागेल्याला वाकून 'या, या' करणारे. चेहरा गोड होता. चार तासांच्या मोडमध्ये अगदी गिचमीड, पण गोड.

मांडवात सगळ्यांची तोंडं स्टेजकडं. एकाचं नाही. सगळ्यात मागं, कनातीला लागून, घडीची लोखंडी खुर्ची, आणि तिच्यावर पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा. त्याची पाठ स्टेजकडं, तोंड कॅमेऱ्याकडं. हात मांडीवर. म्हटलं, असेल एखादा हौशी, कॅमेरा बघत बसलेला.

मग पंगत आली. पंगतीच्या मागं तीच खुर्ची, तोच म्हातारा, पुढ्यात पत्रावळ नाही. मग बायका नवरीला सजवतायत ती खोली. दार अर्धं उघडं, दारातून अंगण दिसतंय, अंगणात खुर्ची. मला त्या व्हिडिओवाल्याचा राग आला. नवरी घ्यायची सोडून बाबा दर वेळी या म्हाताऱ्याला कशाला चौकटीत धरतोस?

मग मला लक्षात आलं की हळदीच्या शूटिंगलाही तो होता. हळद आदल्या दिवशीची. मांडवाला अजून कनात लावलेली नव्हती, माणसं घरच्याच कपड्यांत होती. खुर्ची तिथंच होती, आणि त्याच्या सदऱ्यावरची चुरगळ दुसऱ्या दिवशीचीच होती.

व्हिडिओवाल्यानं पुढचामागचा क्रम जोडताना चुकवलाय, असं मी ठरवलं आणि डबा धुवायला गेले.

३

सर्जेराव डिस्क घेऊन गेले आणि चार दिवसांत परत आले. डिस्क काउंटरवर आपटली.

"काय काम केलंय ह्ये? आप्पा दिसंनात."

"मी सांगितलं होतं तुम्हाला, चार तासांत—"

"त्ये पुसट फिसट ऱ्हाऊ द्या वो. कुणीतरी पुढं येतंय त्यांच्या. आमची कॅसेट धड व्हती."

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, कॅसेट जशी असते तशीच उतरते, मी काय त्यात माणसं घालते की काय? ते म्हणाले, "साहेब असतील तवा येतो."

ते गेल्यावर मी चांगला डेक काढला. हेड स्पिरिटनं पुसलं, चित्र स्थिर करणारं बटण चालू केलं, चेहरे मेणासारखे करणारं ते दुसरं बटण बंद केलं आणि एका तासाचा मोड लावला. कितीही डिस्क लागोत, आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. आणि काय चित्र आलं! फेट्याची जर दिसत होती. आप्पांच्या कपाळावरचं गंध दिसत होतं.

अर्धंच दिसत होतं. कारण लोखंडी खुर्ची आता कनातीपाशी नव्हती. ती मांडवाच्या मध्यावर होती, माणसांच्या रांगांमध्ये, आणि म्हाताऱ्याचा खांदा आप्पांच्या तोंडावर येत होता. खुर्चीच्या पायावर मांडववाल्याची पांढरी अक्षरं होती, तीही आता लागत होती. म्हाताऱ्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. आपल्याकडं कुणी रुसून बसलं की बसतं ना, तसं ते तोंड होतं.

मागच्या वेळी मी नीट बघितलं नसेल. जेवत होते, चित्र गिचमीड होतं. म्हणून खात्री करायला मी सर्जेरावांनी आपटलेली ती जुनी डिस्क लावली.

तिच्यातही खुर्ची मध्यावर होती.

आता तुम्हाला हे सांगणं भाग आहे. कॅसेट हलू शकते, ताणली जाते, झिजते. डिस्क तशी नाही. एकदा तिच्यावर लिहिलं आणि बंद केली, की ती दगडावरची रेघ. तिच्यात बदल होत नाही. हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलेय.

घरी गेल्यावर रमाकांतला सांगितलं. तो कोड्यातून मान वर न करता म्हणाला, "अगं, आधी नीट बघितलं नसशील."

मी स्वतः तेच म्हणाले होते, पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला इतका संताप आला, की आमटीला फोडणी घालायचीच राहिली.

४

रागाचा एक फायदा असतो, भीती वाटत नाही. सकाळी दुकान उघडलं ते ठरवूनच, की यातली खोट शोधायची.

माझा अंदाज असा. त्या काळी व्हिडिओवाले वापरलेल्या कॅसेटी पुन्हा वापरायचे. खालचं नीट पुसलं गेलं नाही तर जुनं चित्र नव्यातून डोकावतं. हा म्हातारा दुसऱ्याच कुठल्या लग्नातला असेल, आणि मशीन तापलं, गार झालं, की पुढंमागं दिसत असेल. डिस्कचं काय, ते नंतर बघू. खाली दुसरं लग्न आहे का हे कळायचा एक मार्ग होता, आवाज.

चांगल्या डेकवर आवाजाचं एक बटण असतं. कॅसेटवर आवाज दोन जागी असतो. एक कडेच्या पट्टीत, साधा. त्याच्यावर व्हिडिओवाला नंतर सनई न् गाणी चढवू शकतो. दुसरा हायफाय, तो चित्राच्याच खाली दाबलेला असतो आणि चित्र पुसल्याशिवाय जात नाही. गाणी वर असली तरी लग्नातला खरा आवाज खाली तसाच राहिलेला असतो. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. मी बटण हायफायवर टाकलं आणि कानाला हेडफोन लावला.

सनई गेली. मांडवाचा कलकलाट आला, पातेल्यांचा, पोरांचा, आणि त्याच्यावर भोंग्यातून पुकारा.

"निमगावचे प्रगतशील बागायतदार यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहे, त्यांचं मी दोन्ही परिवारांच्या वतीनं सहर्ष स्वागत करतो. तसंच कळसचे माजी सरपंच..."

आमच्या भागात लग्न म्हणजे हेच. मुहूर्त टळो, अक्षता हातात भिजोत, पण आलेल्या माणसाचं नाव भोंग्यातून आलंच पाहिजे. नाव राहिलं की माणूस न जेवता उठतो, आणि पुढं दोन पिढ्या घरं बोलत नाहीत.

नावं चालली होती. आणि मग मला कळलं की भोंग्याशिवाय आणखी एक आवाज आहे, जवळचा. कॅमेऱ्याच्या माइकला तोंड लावल्यासारखा. श्वास. एक नाव झालं की तो श्वास थांबायचा, पुढचं नाव ऐकायचा, आणि ते दुसऱ्याचंच निघालं की नाकातून सुटायचा.

बऱ्याच वेळानं तो बोलला. ओरडून नाही, हळू.

"आमचं न्हाय घेतलं अजून."

मी पॉजचं बटण दाबलं. चित्र थांबलं. पॉज केलं की हा डेक आवाज पूर्ण बंद करतो, तशी त्याची रचनाच आहे. भोंगा बंद झाला, पातेली बंद झाली.

श्वास चालू होता. वाट बघत होता.

मी हेडफोन काढला, भिंतीवरचं मेन बटण बंद केलं आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन उगाच उभी राहिले.

५

राजलक्ष्मीला बोलावून घेतलं. भर दुपारी, शटर पूर्ण वर करून, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरांच्या आवाजात तिला एका तासाच्या मोडची ती चांगली डिस्क दाखवली. म्हातारा आता उठला होता. स्टेजच्या पुढं उभा होता, तोंड आमच्याकडंच. त्याच्या डोक्यामागून आप्पांच्या फेट्याचा तुरा तेवढा दिसत होता.

मला वाटलं, ती रडेल. ती पडद्याजवळ गेली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

"थोरलं आबाजी," ती म्हणाली. "आप्पांचं सख्खं थोरलं भाऊ."

"लग्नाला होते?"

"व्हते की. बांधावनं बोलाचाली बंद व्हती, तरी पुतणीचं लगीन म्हणून आलं व्हतं. सकाळधरनं बसलं व्हतं मागं. आप्पांनी पुकारणाऱ्या गुर्जींस्नी सांगितलं, त्याचं नाव सोडून घ्या. माझ्या म्होरं सांगितलं वो. मी बाशिंग बांधून उभी, काय बोलणार?"

"मग? जेवले का?"

"न्हाय."

"घरी गेले?"

तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. मग म्हणाली, "मांडववाला सामान न्यायला आला तवा म्हणला, एक खुर्ची कमी भरतीया."

मी यापेक्षा जास्त विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या तुऱ्याकडं होतं. "वैनी, आजून एकदा लावलं तर त्योबी दिसायचा न्हाय, व्हय ना?" असं तिनं विचारलं, आणि मला खोटं बोलवेना.

खरं सांगते, मला त्या आबाजीची भीती वाटायच्या आधी त्याची कीव आली. आणि आप्पांचा राग आला, त्या गोड चेहऱ्याच्या आप्पांचा. सख्खा भाऊ दारात आला, नाव घ्यायला काय जात होतं? जिभेला हाड नसतं म्हणतात, मग ती वळायला इतकी जड का जावी?

"राजेश्वरीच्या लग्नात पुकारा व्हायचाय ना?" मी म्हटलं. "त्यात त्यांचं नाव घ्यायचं. तोपर्यंत कॅसेटही लावायची नाही आणि डिस्कही नाही."

तिनं तिथूनच भावाला फोन लावला. सर्जेरावांचा आवाज मला काउंटरपलीकडं ऐकू येत होता. "त्यो माणूस हाय का गेला त्येबी ठावं न्हाय, त्याचं नाव मांडवात? आप्पांनी नको म्हणलंया. नको म्हंजी नको. आन् त्या बाईच्या नादी कशाला लागतीस? साहेबांस्नी इचार."

राजलक्ष्मीनं फोन ठेवला. "माझा बाप गेला बगा पुन्यांदा," एवढंच म्हणाली.

६

इंदापूरचं कार्यालय मोठं होतं. दुपारचा मुहूर्त. मी हट्टानं स्वतः गेले, पडद्याच्या मशीनला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मुहूर्ताला वेळ होता आणि पुकारा रंगात आला होता. पुकारणारे ज्ञानेश गुरुजी, निवृत्त मास्तर, एकेका पाहुण्याला विशेषणं लावून थकत नव्हते. प्रत्येक नावाला सर्जेराव शाल आणि नारळ घेऊन पुढं. आबाजींचं नाव मात्र त्यांनी यादीत येऊच दिलं नव्हतं.

मग गुरुजींनी सांगितलं, आता वधूचे आजोबा, कैलासवासी आप्पा, आपल्याला पडद्यावरून आशीर्वाद देतील. राजलक्ष्मीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या शेजारी राजेश्वरी, हिरवा चुडा, मान उंच करून पडद्याकडं बघत होती. आता मागं फिरता येत नव्हतं, मी डिस्क सुरू केली.

पडदाभर पांढरं. आधी लोकांना वाटलं, मशीन बिघडलंय. मग लोक ओळखायला लागले, की तो सदरा आहे. बटणं दिसत होती, काजातला दोरा दिसत होता. सदरा श्वासाबरोबर वरखाली होत होता. आप्पा नाहीत, तुरा नाही, स्टेज नाही. मागून कुणीतरी हसलं. "काय लावलंय ओ ह्ये?" सर्जेराव माझ्याकडं हात नाचवत यायला लागले. "तरी म्हणलं हुतं साहेबांस्नी आणा! बायामाणसाचं काम हाय का?"

राजलक्ष्मी मान खाली घालून बसली होती. तिच्या हातातल्या अक्षता सांडत होत्या.

झालं. माझं डोकं फिरलं. मी तरातरा स्टेजवर गेले, गुरुजींच्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

"निरवांगीचे आदरणीय आबाजी," मी म्हटलं, "वधूच्या आईचे थोरले चुलते, यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहे. केव्हाच झालेलं आहे. दोन्ही परिवारांच्या वतीनं मी त्यांचं सहर्ष स्वागत करते. त्यांनी पुढं येऊन स्थानापन्न व्हावं आणि जेवल्याशिवाय जाऊ नये."

निरवांगीकडची चार म्हातारी माणसं उठून उभी राहिली, का ते त्यांनाही कळलं नसावं.

पडद्यावर सदरा बाजूला झाला. पाठ दिसली. पहिल्यांदाच त्या माणसाची पाठ आमच्याकडं झाली. तो स्टेजपर्यंत गेला आणि पुढच्या रांगेत बसला, कुठल्या जागी ते मला नीट दिसलं नाही. मागं कनातीपाशी लोखंडी खुर्ची रिकामी होती. आणि आप्पा! लख्ख. गंध, मिशी, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, सगळं. हात जोडून ते वाकले, आणि कार्यालयाच्या सगळ्या भोंग्यांतून त्यांचा आवाज आला, "या, या. लई उशीर केला."

राजलक्ष्मी ओक्साबोक्शी रडत होती. पोरीला गदागदा हलवून सांगत होती, "बघ, ह्ये माझं आप्पा! असंच बोलायचं!" सर्जेराव जागच्या जागी उभे होते, शालीनं डोळे पुसत.

मला वाटलं, आता तरी माझं नाव घेतील. खोटं कशाला बोलू, वाटलंच.

गुरुजींनी माइक परत घेतला, घसा साफ केला. "हा अमूल्य ठेवा आपल्यापर्यंत पोहोचवल्याबद्दल रमाकांत व्हिडिओचे सर्वेसर्वा, आदरणीय रमाकांतसाहेब यांचे आपण ऋणी आहोत." टाळ्या. सर्जेराव शालनारळ घेऊन माझ्यापाशी आले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "वैनी, ह्ये साहेबांस्नी द्या."

मी हात पुढं केला नाही. वळले आणि थेट मागं गेले. डोळ्यांपुढं लाल झालेलं, कुठं बसतेय ते बघितलंही नाही. हाताची घडी घातली. कुणीतरी लांबून हाक मारली, "ओ बाई, पंगत बसली, चला." बाई! मी तोंड फिरवलं. नाही जेवले. मरू दे तुमचं जेवण.

बऱ्याच वेळानं पाठीला गार लागलं तेव्हा कळलं. कार्यालयातल्या सगळ्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या, पांढरी खोळ घातलेल्या. माझी लोखंडाची होती.

७

कॅसेट परत द्यायची होती. देण्याआधी एकदा तपासायची माझी पद्धत आहे. लावली.

आप्पा सुरेख. आबाजी पुढच्या रांगेत, पाठमोरे. मागं कनातीपाशी, लोखंडी खुर्चीवर, एक बाई हाताची घडी घालून बसली होती. तोंड कॅमेऱ्याकडं. माझ्यासारखाच दोरीचा चष्मा, मोरपिशी साडी.

पडद्याच्या काचेत माझंच प्रतिबिंब पडलंय, असं मी म्हटलं. उजवा हात वर केला. ती बसून राहिली. शिवाय त्या दिवशी माझ्या अंगावर साधी सुती साडी होती. मोरपिशी मी इंदापूरला नेसले होते.

पंगतीतही ती होती, पुढ्यात पत्रावळ नव्हती. नवरीच्या खोलीच्या दारातून दिसणाऱ्या अंगणातही होती. हळदीलाही होती. अहो, हे लग्न झालं तेव्हा मला निरवांगी कुठं आहे ते ठाऊक नव्हतं!

संध्याकाळी घरी येऊन रमाकांतच्या पुढ्यातलं कोडं काढून घेतलं. "माझं नाव घे," मी म्हटलं.

तो हसला. "या वयात उखाणा?"

"उखाणा नको. नुसतं नाव घे."

"अगं, काय खूळ हे?"

"घे ना."

त्यानं तोंड उघडलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाला, "चहा टाकतो," आणि स्वयंपाकघरात गेला. लग्नापासून कधी त्यानं चहा टाकलेला नाही. आत गॅसही पेटवलेला मला ऐकू आला नाही.

काल राजलक्ष्मीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. रोज लावते म्हणाली, सकाळ संध्याकाळ, सगळ्या गावाला दाखवते. "तुमचं लई उपकार हायीत बघा वैनी. आप्पा काय झ्याक दिसत्यात!" मग जरा थांबली. "पर वैनी, मधी ती एक बाई येतीया. पयल्यांदा पार मागं व्हती. आता रांगांमधी हाय. आप्पांचा एक डोळा झाकतोय. तोंड वळखीचं वाटतंय बगा, नाव काय तोंडात येत न्हाय."

मी माझं नाव सांगितलं. स्वच्छ सांगितलं, दोनदा सांगितलं. "हॅलो? हॅलो?" ती म्हणाली. "वैनी, आवाज जातोय तुमचा."

मला कशाला हवंय हो कुणाच्या मेलेल्या बापापुढं जाऊन उभं राहायला? मीच ना तो काढून दिला तिला! एका तासाच्या मोडवर, हायफाय आवाजासकट. आणि ती बिचारी रोज दोनदा लावतेय.

म्हणून तुम्हाला सांगतेय. नाव मी सुरुवातीलाच सांगितलंय, विसरला असाल तर वर जाऊन बघा. एकदा घ्या. मनातल्या मनात नको, मोठ्यानं घ्या. मला तिच्या बापासमोरून उठायचंय.